डोंगर तळ्यात गेला त्याची हकिगत

बालीगंज, कोलकाता
२ जून

तीर्थस्वरूप यामिनीताई,

तुला सलीलचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतंच समज. आठांपैकी तीनच अंगं सध्या जमिनीपर्यंत जातात, आणि गेलेली परत वर येतील याची डॉक्टर हमी देत नाहीत. असं का झालं ते पुढे येईलच.) तुझं कसं चाललं आहे? नाशिकचा उन्हाळा यंदा फार होता असं ऐकतो. भाऊजी गेल्यापासून तू दुपारचं जेवण टाळतेस, असं तुझ्या आदित्यने उज्ज्वलाला सांगितलं, उज्ज्वलाने मला सांगितलं आणि मी ते तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आमच्याकडे सगळं ठीक. रुचा बंगळुरूहून रोज मेसेज करते, पण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते. त्यामुळे परवा 'मी दही खाल्लं' हे मी 'मी देह खाल्ला' असं वाचलं आणि अर्धा तास घाबरून बसलो.

फोन सोडून पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तू 'बरं, बरं' म्हणून दोन मिनिटांत ठेवतेस. तू शाळेत पस्तीस वर्षं तास संपल्याची घंटा ऐकलेली बाई, तेव्हा तुला दोष देत नाही. पण बराकपूरच्या जागेत गेल्या दोन महिन्यांत जे घडलं ते दोन मिनिटांत मावणारं नाही. पत्र वाचताना हातात लाल पेन्सिल घेऊ नकोस एवढीच विनंती.

तुझ्या लक्षात असेल, आपली जागा सहा काठा. (नाशिककरांसाठी: टेनिसच्या दीड मैदानाएवढी.) निम्मी सपाट, आणि निम्म्यावर तो डोंगर. परवा मी टेप लावून मोजला तर तो नऊ फूट भरला, ताई. नऊ फूट! आपण त्यावर चढायला आईकडून खाऊची पुडी बांधून घ्यायचो. घोषालांच्या आजोबांनी शेजारचं तळं, म्हणजे तो पुकुर, खणला तेव्हा निघालेल्या मातीचा तो ढीग. ढीग आहे म्हणून ती जागा कोणी घेत नव्हतं. पण साताऱ्याचा माणूस सरकारी बदलीवर बंगालमध्ये आलेला, सात वर्षं चौफेर सपाटी बघून कासावीस झालेला. बाबांनी शेकडो मैलांत तेवढीच एक उंच जागा पाहिली आणि डोळ्यांत पाणी आणून ती विकत घेतली. ऑफिसातले लोक नदीकाठी बंगल्याची स्वप्नं बघत होते, आणि आपल्या बाबांनी चढ विकत घेतला. दर रविवारी आपण बालीगंजहून सियालदहला आणि तिथून बराकपूरला कशासाठी जायचो, तर बाबांना पंधरा पावलं चढून वर उभं राहायचं असायचं म्हणून. वर उभे राहून ते कमरेवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "आता जरा बरं वाटतं." आई खाली बसून दशम्या सोडायची आणि म्हणायची, "उतरा आता, हवा विरळ आहे तिथे."

असो. तर घराचा नकाशा तू मंजूर केलास. दोन खोल्या तुझ्या, दोन आमच्या, मधे स्वयंपाकघर. त्यासाठी डोंगर उतरवून ती माती खोलगट भागात पसरायची असं ठरलं. कंत्राटदार म्हणून दिलीप मंडल नावाचा माणूस नेमला. चांगला माणूस आहे, फक्त फार कमी बोलतो, आणि जे बोलतो ते जेसीबी चालू असताना. मार्चच्या शेवटी त्याने डोंगरावरचं गवत, घाणेरीची झुडपं, ते वाकडं पेरूचं झाड, सगळं साफ केलं आणि निम्मा डोंगर कापला. मी संध्याकाळी जाऊन पाहिलं. अख्खी जागा कशी नुकत्याच मुंज झालेल्या बटूच्या डोक्यासारखी गुळगुळीत! मी फोटो काढून तुला पाठवला आणि तू 'छान' असं उत्तर दिलंस. ताई, तो 'छान' मी जपून ठेवला आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणात आपण दोघंही सामील होतो याचा तेवढाच पुरावा माझ्याकडे आहे.

सोळा एप्रिलला दुपारी कालबैशाखी आली. तुला आठवते का ती? वायव्येकडून आभाळ एकदम शाईसारखं होतं, खिडक्या आपटतात, आणि तासाभरात सगळं आटोपून ऊन पडतं. लहानपणी आपण ती यायची वाट बघायचो. यंदाही मी बालीगंजच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलो, आलं घातलेला चहा घेतला आणि उज्ज्वलाला म्हटलं, "काय सुरेख गारवा आला!" नेमक्या त्याच वेळी, चोवीस किलोमीटरवर, आपला डोंगर पाय फुटल्यासारखा चालत घोषालांच्या पुकुरात जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बराकपूरला पोचलो. गल्लीच्या तोंडाशीच कमरेपर्यंत चिखलाने भरलेले निर्मलबाबू भेटले. हे तिथल्या क्लबचे सेक्रेटरी. आपल्या ट्रकांच्या चाकांनी माती गल्लीभर नेऊन ठेवली होती, तिचा रात्रीत लोण्यासारखा थर झाला होता, आणि निर्मलबाबू मासळी आणायला निघाले ते बसूनच बाजारापर्यंत गेले होते. माझ्याकडे बघून ते शांतपणे म्हणाले, "बर्गी आबार एशेछे." म्हणजे बर्गी पुन्हा आले. (बर्गी म्हणजे आपणच. पावणेतीनशे वर्षांपूर्वी इथे लुटालूट करून गेलेले मराठे घोडेस्वार. अजून इथे पोरांना त्यांची भीती दाखवून झोपवतात. मी चौसष्ट वर्षं या गावात जन्मून, वाढून, इथल्या पोरांना गणित शिकवून जे नाव पुसत आणलं होतं ते एका दुपारच्या पावसात परत उगवलं.)

आणि पुकुर! ताई, त्या पाण्याचा रंग तुला आठवतो ना, तो हिरवा-काळा, ज्यात आभाळ दिसायचं? तो पुकुर दुधाच्या चहासारखा झाला होता. मासे वर येऊन तोंडं उघडून हवा घेत होते. घाटाच्या खालच्या तीन पायऱ्या गाळात गडप. आणि सर्वांत वरच्या पायरीवर, पांढऱ्या साडीत, घोषालांच्या निभा माशीमा बसल्या होत्या.

हो, आहेत. शहाऐंशी वर्षांच्या. यजमान, आपले मेसोमशाय, जाऊन पंधरा वर्षं झाली, मुलगा-सून वर राहतात, आणि त्या दिवसाचा निम्मा वेळ घाटावर. मी हात जोडून उभा राहिलो. पाठ केलेली माफी बंगालीत, हिंदीत आणि शेवटी घाबरून मराठीत म्हणून दाखवली. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुई जामिनीर भाई ना?" मी म्हटलं, हो, यामिनीचाच भाऊ. तर त्या म्हणाल्या, "ती असती तर असं झालं नसतं." बस. एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सुनेकडून कळलं की चोवीस दिवसांनी अर्णबचं, म्हणजे त्यांच्या नातवाचं लग्न आहे. इथल्या रिवाजाप्रमाणे हळदीच्या दिवशी मुलाकडून मुलीकडे नवरीसारखा नटवलेला रुई मासा पाठवतात. त्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा मासा आजवर याच पुकुरातून निघाला आहे. माशीमांच्या सासऱ्यांच्या लग्नापासून. आणि आता तळातले मासे जगतील की नाही याचीच शंका. ताई, मला तिथल्या तिथे पुकुरात उडी मारावीशी वाटली. पण त्याने पाणी आणखी गढूळ झालं असतं.

मी उपायांना लागलो. पहिला उपाय, गोणपाटाच्या पोत्यांत माती भरून पुकुराच्या कडेला भिंत घालणं. दुसऱ्या दिवशीच्या सरीत पोत्यांतलीच माती पाझरून पुकुरात गेली. म्हणजे जो गाळ सुटा जात होता तो मी पॅकबंद करून पोचवला. दुसरा उपाय, उघड्या मातीवर निळी प्लास्टिकची ताडपत्री. ती वाऱ्याने उचलली आणि क्लबच्या छपरावर जाऊन इतकी चपखल बसली की निर्मलबाबूंनी ती देणगी म्हणून स्वीकारली. तिसरा उपाय मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. आई पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवायची ते मला आठवलं. मी पाव किलोचा खडा सुतळीला बांधला, घाटावर बसलो आणि पुकुरात फिरवू लागलो. वीस मिनिटांनी मागून आवाज आला, "साखर घातलीस का? एवढा चहा पिणार कोण?" माशीमा! पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझी लाज वाटायची शक्ती संपली होती, म्हणून मीही हसलो. आणि त्या माझ्याशेजारी बसल्या.

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते तुला माहीत होतं का, ताई? मला नव्हतं. बाबांनी जागा घेतली तेव्हा मेसोमशायांनी त्यांना एकच अट घातली होती. ढिगारा पुकुरातून निघाला आहे, तो पुकुरात परत जाता कामा नये. म्हणून बाबांनी त्यावर गवत लावलं. आणि तरीही जे पावसाळ्यात वाहून जायचं ते दर माघात, पाणी उतरलं की, काठाशी उतरून टोपल्यांनी काढायचं आणि परत वर नेऊन टाकायचं. आपण त्या रविवारांना 'चिखलाची सहल' म्हणायचो! तू पुढे, तुझ्या डोक्यावर मोठी टोपली. मी मागे, माझ्या हातात आईचं डाळ धुवायचं पातेलं. आपल्याला वाटायचं बाबा डोंगर उंच करताहेत, एक दिवस साताऱ्याएवढा होईल. तू तर मला सांगितलं होतंस की सहावीत जाईपर्यंत वरून समुद्र दिसेल. मी सहावीत गेलो तेव्हा वर चढून पाहिलंही होतं, तुला सांगितलं नव्हतं. बाबा फक्त दिलेला शब्द पाळत होते. त्यांचे गुडघे गेले तोवर गवताची मुळं इतकी खोल गेली होती की पुढची तीस-बत्तीस वर्षं त्यांच्या वतीने गवतानेच शब्द पाळला. ते गवत आपण एका दुपारी काढून टाकलं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून रडलो. समोरच्या माणसाला वाटलं मोहन बागान हरलं. त्याने माझा खांदा थोपटला.

दुसऱ्याच दिवशी मी श्रीकांतरावांना गाठलं. महाराष्ट्र मंडळातले ते श्रीकांत, रेल्वेतून निवृत्त झालेले, ज्यांच्या शेजारी गणपतीत कोणी बसत नाही, कारण ते रुळांखालच्या भरावाबद्दल बोलतात. ताई, मी इतकी वर्षं त्या माणसाला टाळलं याचा मला पश्चात्ताप होतो. त्यांनी जागा पाहिली, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाले, "सलीलराव, तुम्ही गाळ अडवायला निघालात. गाळ अडवायचा नसतो. आधी तो सुटूच द्यायचा नाही. सुटला तर पाण्याला चालायला लावायचं, धावू द्यायचं नाही. आणि चालून दमलं की त्याला बसायला जागा द्यायची." मला हे मुलं वाढवण्याबद्दल वाटलं. पण ते पाण्याबद्दलच होतं.

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी, उज्ज्वला, श्रीकांतराव, दिलीप आणि त्याची चार माणसं. पहिलं, डोंगर कापणं बंद. उरलेल्या उतारावर आडवे चर, एकाखाली एक, प्रत्येक चर टोकापासून टोकापर्यंत एका पातळीत. (मराठ्यांना अडवायला बंगाल्यांनी बागबाजारपासून खंदक खणला होता. आता एक मराठा बराकपूरला खंदक खणत होता, बंगालला स्वतःपासून वाचवायला. हे मी निर्मलबाबूंना ऐकवलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलू लागले.) उघड्या मातीवर तागाची जाड विणीची जाळी अंथरली आणि बांबूच्या खुंट्यांनी ठोकून बसवली. जाळीच्या भोकांतून दूर्वा लावल्या. जाळी काही महिन्यांनी कुजून मातीत जाते, तोवर दूर्वा मुळं धरतात. पायथ्याशी, पुकुराच्या अलीकडे, मोठा खड्डा, आणि त्याच्या तोंडाशी विटांच्या तुकड्यांचा बांध, म्हणजे पाणी खड्ड्यात थांबेल, गाळ खाली बसेल आणि निवळलेलं तेवढंच पलीकडे झिरपेल. फाटकाशीही विटांचे तुकडे पसरले, ट्रकांनी चाकं पुसून बाहेर पडावं म्हणून. दूर्वांच्या जुड्या लावताना उज्ज्वला सवयीने एकवीस मोजायची आणि पुढची जुडी घ्यायची. डोंगरावर साधारण चारशे गणपतींची पूजा झाली असेल. माझी कंबर त्यातच गेली.

माशीमांनी एक गोष्ट सुरू केली. रोज सकाळी पुकुराचं पाणी काचेच्या बरणीत भरून, वर तारखेची चिठ्ठी डकवून, ती आपल्या सामाईक भिंतीवर ठेवायच्या. मी स्टेशनवरून आलो की आधी भिंत बघायचो. पहिली बरणी चहा. पाचवी बरणी ताक. मग अकरावीपासून हळूहळू तळाशी बोटभर गाळ आणि वर काहीतरी, ज्याला पाणी म्हणता येईल असं. पस्तीस वर्षं मी मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या. आता शाळेत जायची भीती काय असते ते कळलं.

लग्नाला आठ दिवस उरले असताना संध्याकाळी साडेपाचला दुसरी कालबैशाखी आली, पहिलीहून मोठी. या वेळी आम्ही सगळे तिथेच होतो. पाऊस आडवा मारत होता. पाणी डोंगरावरून सुटलं, पहिल्या चरात पडलं आणि थांबलं. चर भरला, पाणी संथपणे दुसऱ्यात उतरलं. मग तिसऱ्यात. मी ओरडत होतो, "चालतंय! बघा, चालतंय, धावत नाहीये!" आणि तेवढ्यात खालच्या चराची एक कड कदंबाच्या झाडाशी फुटली. हातभर रुंदीचं भगदाड. तपकिरी पाण्याची धार थेट पुकुराकडे. पोती लांब, दिलीप फाटकाशी. तेव्हा श्रीकांतराव, वय सत्तर, रेल्वेचे निवृत्त अधिकारी, इस्त्रीची पँट, पुढे गेले आणि त्या भगदाडात बसले. नुसते बसले, पाठ पाण्याकडे करून, हात गुडघ्यांवर. चष्म्यावरून पाणी वाहतंय आणि ते मला समजावताहेत, "त्र्याऐंशी साली असंच एकदा..." दिलीप पोती घेऊन येईपर्यंत सात मिनिटं तो माणूस तिथे बांध होऊन बसला होता. माशीमा आपल्या दारातून हे बघत होत्या. पाऊस थांबल्यावर त्यांनी श्रीकांतरावांना मेसोमशायांचं धोतर नेसायला पाठवलं आणि गरम दूध पाठवलं. मला नुसतं दूध.

दुसऱ्या दिवशीची बरणी आदल्या दिवसापेक्षा गढूळ नव्हती. मी ती उचलून उन्हात धरली. पलीकडे माशीमा दिसल्या, थोड्या वाकड्या, पण दिसल्या.

मासा निघाला, ताई! जाळं पहिल्यांदा रिकामं आलं. दुसऱ्या खेपेला पावणेचार किलोचा रुई, सोन्यासारखे खवले. अर्णबने नाचायचंच बाकी ठेवलं. आणि माशीमांनी तो नटवायला उज्ज्वलाच्या हातात दिला! उज्ज्वलाला बंगाली पद्धत येत नाही, हे तिने सांगितलं नाही. तिने हिरव्या खणाचा तुकडा काढला आणि त्या माशाला नऊवारी नेसवली, काष्टा घालून. कपाळाला चंद्रकोर. आणि आईची मोत्यांची जुनी नथ. (घाबरू नकोस, नथ परत आली आहे.) मुलीकडच्या मंडळींनी ताटावरचा रुमाल बाजूला केला आणि म्हणे सगळ्या बायका वाकून बघू लागल्या. मग नवरीची आजी म्हणाली, "ही तर कुठल्या तरी चांगल्या घरातली दिसते."

आता डोंगर निम्मा उरला आहे, साडेचार फूट. तो तसाच ठेवायचा असं मी ठरवलं आहे. घर सपाट भागातच बसवू, स्वयंपाकघर जरा अरुंद होईल. दूर्वांनी मुळं धरली आहेत. काल मी वर चढून कमरेवर हात ठेवून उभा राहिलो (एक हात, दुसऱ्याने कंबर धरली होती). सात पावलांत माथा आला. तरी, ताई, जरा बरं वाटलं.

आदित्यला आशीर्वाद. जेवत जा.

तुझा,
सलील

ता. क. उज्ज्वलाने पत्र वाचलं. ती म्हणते, खरं लिहा. तर खरं असं की दिलीपने मार्चमध्ये जेसीबी बंद करून मला सांगितलं होतं, "दादा, गवत आत्ता काढू नका, वादळं येऊन जाऊ द्या, एकेक तुकडा उघडा करू." मीच म्हटलं की ताईला फोटो पाठवायचा आहे, सगळं एकदम स्वच्छ दिसू दे. माणूस कमी बोलतो म्हणून त्याच्या नावावर खपवत होतो.

ता. क. २. ती आणखी म्हणते की श्रीकांतराव भगदाडात बसले तेव्हा त्यांच्यापेक्षा मी जवळ उभा होतो. हे खरं आहे. पण माझ्या हातात छत्री होती.

ता. क. ३. नकाशा तू तीनदा दुरुस्त करून पाठवलास, स्वयंपाकघराचा ओटा दोन इंचांनी वाढवलास, पण राहायला कधी येणार ते एकदाही लिहिलं नाहीस. मी विचारलं नाही, कारण 'बघू' असं उत्तर येईल अशी भीती होती. माशीमा मात्र रोज विचारतात. मी त्यांना पावसाळ्यानंतर असं सांगून बसलो आहे. पुढच्या आठवड्यात भिंती वर येतील, आणि तुझ्या खोलीची खिडकी कुठे ठेवायची ते दिलीपला सांगायचं आहे: पुकुराकडे की गल्लीकडे? एका शब्दात कळव. 'बघू' हा शब्द चालणार नाही.